ती बदलली, असं कुठं लिहिलंय?

बाई, आज सकाळपासून मी एका जागी बसलेली नाही. कपडे वाळत घातले, परत काढले, या बाजूला ऊन कमी येतं म्हणून मागच्या दोरीवर नेऊन घातले. डाळ निवडलेली होती ती पुन्हा निवडली. आता ओट्याशी उभी राहूनच हे लिहितेय, मुलीच्या वहीतलं मधलं पान काढून. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमची आठवण आली नाही असं नाही, पण तुम्हाला काही लिहावं असं कधी वाटलं नव्हतं. मी लिहिणाऱ्यांतली नव्हेच, ते तुम्हाला माहीत आहे. मंद्रूपच्या शाळेत दुसऱ्या बाकावर भिंतीच्या कडेला बसणारी गिरणीवाल्याची मुलगी, विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी. आता एका लॅबमध्ये रक्त तपासते आणि रिपोर्ट लिहिते. त्यात सुचावं असं काही लागत नाही. जे दिसतं ते लिहायचं, जे दिसत नाही ते लिहायचं नाही. नव्या मुली कामाला आल्या की त्यांना मी पहिल्या दिवशी हेच सांगते. हे वाक्य मी कुणाकडून उचललं ते मात्र मला आजवर लक्षात आलं नव्हतं.

सगळं सुरू झालं ते मुलीच्या गृहपाठामुळे. ती यंदा दहावीला आहे. तिच्या मराठीच्या सरांनी जुनी गाजलेली गोष्ट म्हणून एका कथेच्या झेरॉक्स वर्गात वाटल्या आणि खाली एकच प्रश्न दिला, कथेच्या ओघात मुख्य पात्रात होत जाणारा बदल स्पष्ट करा. सोमवारी द्यायचंय. काल ती सोफ्यावर आडवी पडून वाचत होती आणि मी तिच्या पायाखाली टॉवेल सरकवत होते, कव्हर मळेल म्हणून. तेवढ्यात माझं लक्ष त्या कागदावर गेलं. पितळी कड्यांचा झोपाळा. बाई, तीच गोष्ट. तुम्ही आम्हाला दोन दिवस शिकवलेली.

मी तिच्या हातातून कागद घेतला आणि उभ्यानं वाचून काढला. नांदायला आलेली एक बाई. शेजारच्या घरात पितळी कड्यांचा झोपाळा, तसाच तिला हवा. नवरा साधा, हो हो म्हणून वेळ मारून नेणारा. ती दारातलं जांभळीचं झाड तोडायला लावते, त्याचा पाट करून घेते. नणंदेला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायचं टाळते, कारण त्या वर्षी कड्या घ्यायच्या असतात. झोपाळा येतो. मग कड्या काळ्या पडतील, पाटावर डाग पडतील म्हणून ती त्यावर चादर घालते, आणि ती चादर तशीच राहते. वर्षं जातात. नवरा जातो, त्यावर एकदाही न बसता. शेवटच्या पानावर ती नणंद, आता म्हातारी झालेली, उन्हातून येऊन दारात उभी राहते. ती बाई उठते, झोपाळ्यावरची चादर काढते आणि तिची घडी घालते. बस. गोष्ट तिथंच संपते.

मुलीनं तोपर्यंत मोबाइलमधून उत्तर काढलंसुद्धा होतं. मला वाचून दाखवलं. सुरुवातीला ती स्त्री वस्तूंच्या मोहात अडकलेली असते, शेवटी तिला नात्यांचं मोल कळतं आणि ती नणंदेला प्रेमानं झोपाळ्यावर बसवते. माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "बसवते असं कुठं लिहिलंय, दाखव की." मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. मी तिच्या अभ्यासात कधी पडत नाही. आणि तो आवाज माझा नव्हताच, तुमचा होता.

तुमचा तास दुपारच्या सुट्टीनंतर असायचा. पत्रे तापलेले, शेवटच्या बाकांवरची मुलं पेंगलेली. तुम्ही चाचणीचे पेपर वाटताय. तुमची एक पद्धत होती, ती दुसऱ्या कुठल्या शिक्षकात मी पाहिली नाही. उत्तर पटलं नाही की तुम्ही शून्य द्यायचा नाहीत. मार्कांची जागा कोरी ठेवून कोपऱ्यात लाल शाईनं फक्त 'प' काढायचा. प म्हणजे परत लिही. परत लिहून दाखवलं की मगच मार्क, तोवर पेपर तुमच्याकडेच. काही मुलांचे पेपर वर्षभर तसेच कोरे राहायचे आणि तुम्ही आठवणसुद्धा करायचा नाहीत. माझ्या पेपरवर तोवर कधी प आला नव्हता. त्या दिवशी झोपाळ्याच्या उत्तरावर आला. मी जे लिहिलं होतं ते गाईडमधलं होतं, आणि ते जवळजवळ आजच्या मोबाइलमधल्यासारखंच होतं. एवढ्या वर्षांत ते उत्तर तेवढं बदललेलं नाही.

तुम्ही मला उभं केलंत. नणंद झोपाळ्यावर बसली का, असं विचारलंत. मी हो म्हणाले. "कुठं बसली? मला तर दिसली नाही. पान सांग की." मी पान उलटलं, परत उलटलं. वर्ग हसायला लागला. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, चादर काढली आणि घडी घातली, एवढंच दिसतंय. पुढं काय झालं ते कुणी बघितलंय? चादर धुवायला काढली असेल. नणंदेच्या पायाखाली अंथरायला दिली असेल. नाहीतर चादर नीट बसली नव्हती म्हणून घडी मोडून पुन्हा घातली असेल. मागून एक जण म्हणाला, बाई, ती हावरटच होती, तिनं परतच घातली असणार. त्याच्यावर तुम्ही जास्त चिडलात. तिला हावरट म्हणायचं नाही, तिला झोपाळा हवा होता, हवं असणं हा काही गुन्हा नाही, असं म्हणालात.

शाळा सुटल्यावर तुम्ही मला शिक्षकांच्या खोलीत बोलावलंत. तुम्ही जेवायच्या राहिला होतात. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, भाकरीचा तुकडा मोडल्याचा आवाज त्या रिकाम्या खोलीत मोठा येत होता. मला वाटलं आता ओरडाल. तुम्ही अर्धी भाकरी माझ्यापुढं केलीत आणि विचारलंत, ती बदलली असं तुला का वाटतं? मी म्हणाले, शेवटी चांगलं व्हायला पाहिजे ना बाई. तुम्ही चटणी सारखी करत म्हणालात, "व्हायला पाहिजे म्हणून तू करून टाकलंस. तिला एवढी वर्षं लागली गं, आणि तू तिला दोन ओळींत बदलून मोकळी झालीस." मग हसलात. मला असा झोपाळा मिळाला असता ना, तर मीपण चादर घातली असती, म्हणालात.

ते खरं होतं. मंगळवारच्या बाजारात तुम्हाला स्टीलच्या भांड्यांच्या दुकानापुढं मी कितीदा पाहिलंय. डबा उन्हात धरून आतून बघायचा, बोटानं वाजवायचा, दुकानदाराशी कानडीत हुज्जत घालायची, तो चहा पाजायला लागला की साकु साकु, पुरे पुरे म्हणत पुन्हा भाव पाडायचा. तुम्हाला वस्तूंची आवड होती. तुमच्या खोलीतल्या फळीवर डबे उतरत्या क्रमानं लावलेले असायचे. पण कुणी आजारी पडलं की त्यातलाच मोठा डबा भरून त्यांच्या घरी जायचा, आणि पुष्कळदा परत यायचा नाही. मला तेव्हा वाटायचं, बाई वेंधळ्या आहेत.

मी ते उत्तर परत लिहिलं नाही. उद्या, परवा करत राहिलं. बोर्डाच्या परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला आणि मी गाईडमधलं लिहिलं. चांगले मार्क पडले. पेढे घेऊन आले तेव्हा तुम्हाला ते सांगून टाकलं. तुम्ही म्हणालात, बोर्डाला तेच चालतं. माझं उत्तर मात्र तुझ्याकडं राहिलंय बघ.

माझं लग्न मंद्रूपलाच झालं, शाळेच्या पटांगणात मांडव घालून. तुम्ही उन्हातून आलात, घामाघूम, बगलेत चादरीचं पाकीट. इतर पाहुण्यांसारखं स्टेजवर येऊन दिलंत आणि माझ्या कानाशी म्हणालात, उघडून बघ गं. मी हो म्हणाले. सोलापूरच्या लग्नात चादरी किती येतात ते तुम्हाला काय सांगायचं. प्लास्टिकच्या पिशवीतली, घडी घातलेली, चौकोनी. माझ्या लग्नात त्यांचा ढीग झाला होता. दुसऱ्या दिवशी सासूबाई आणि मी आहेर लावत बसलो. कुणाची साडी, कुणाचं भांडं, हे वापरायचं, हे देण्याघेण्याचं. तुमचं पाकीट हातात आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "शिकवलेल्या बाईंनी दिली व्हय? सोलापूरच्या पोरीला सोलापूरचीच चादर." त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण मला एकदम लाज वाटली, तुमची. माझ्या मैत्रिणीच्या बाईंनी तिला चांदीचा करंडा दिला होता. मी ते पाकीट हातात घेतलं आणि देण्याघेण्याच्या ढिगात ठेवलं. उघडलं नाही. उघडलं की पिशवी चुरगळते, मग ते पुढं कुणाला देता येत नाही.

आपल्याकडच्या घरात दिवाणाच्या पेटीत हा एक वेगळा संसार असतो. आलेलं तसंच्या तसं ठेवायचं आणि कुणाचं काही निघालं की त्यातलं उचलून द्यायचं. चादर या घरातून त्या घरात जाते, तिथून तिसऱ्या. कधीच कुणाच्या अंगावर पडत नाही. फक्त एक काळजी घ्यायची असते, ज्याचं त्यालाच परत जायला नको. सासूबाई त्यासाठी पाकिटावर पेन्सिलीनं खूण करायच्या. तुमच्या पाकिटावर करायची राहिली.

तुम्ही निवृत्त होऊन विजापूर रोडच्या बाजूला दोन खोल्यांचं घर बांधलंत आणि वास्तुशांतीला मला बोलावलंत. मी कामावरून घरी येऊन घाईत साडी बदलली, दिवाण उघडून वरचं पाकीट उचललं, रिक्षात बसले. तुमच्या नव्या घरात चुन्याचा वास. पंगतीत गव्हाची गोड हुग्गी आणि तुमची बहीण सगळ्यांना आग्रह करत फिरतेय. मी वाकून नमस्कार केला आणि पाकीट तुमच्या हातात दिलं. तुम्ही ते घेतलंत. आहेर असा समोर कुणी बघत नाही, घेतो आणि बाजूला ठेवतो. तुम्ही ठेवला नाहीत. प्लास्टिकवरून अंगठा फिरवलात, एकदा उलटून बघितलंत आणि मग माझ्याकडं बघितलंत. मला वाटलं, बाईंना चादर आवडली. मी म्हणाले, पांघरा बाई, थंडीत उपयोगी पडेल. हे वाक्य मी म्हणालेली आहे, बाई. मला ते शब्द न् शब्द आठवतंय. तुम्ही म्हणालात, व्हय, उपयोगी पडेल की. आणि मला हुग्गी वाढायला बहिणीला हाक मारलीत, तूप जास्त घाल म्हणून.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी आम्ही जुळे सोलापूर भागात हा फ्लॅट घेतला. तेव्हाचे माझे दिवस आठवले की आज अंगावर काटा येतो, पण तेव्हा मी फार खुशीत होते. रोज सुट्टीनंतर नवी पेठेत. पडद्याचं कापड, कापडाला जुळणाऱ्या दोऱ्या, दोऱ्यांना जुळणारे आकडे. ओट्याला काळा ग्रॅनाइट. आणि सोफा. तो सोफा मी तीनदा जाऊन बघून आले होते. घरी आल्यावर पहिल्या दिवशी मिस्टर त्यावर बसले, दुसऱ्या दिवसापासून कव्हर. ते मला म्हणायचे, आपण सोफ्याच्या घरात भाड्यानं राहतो. मला राग यायचा, हसूही यायचं. पण कव्हर कधी काढलं नाही.

तुम्ही आमच्या वास्तुशांतीला आलात तेव्हा जिना चढून दमला होतात. तुमच्या हातात चादरीचं पाकीट. मला देताना तुम्ही ते लगेच सोडलं नाहीत, क्षणभर दोघींच्या हातात होतं ते. "ही वापर गं," म्हणालात. "देण्याघेण्यात घालू नको." मी हसून हो म्हणाले, आणि मागून कुणीतरी आलं, त्यांना कुंकू लावायला वळले. संध्याकाळी सगळी आवराआवर करताना तुमचं पाकीट दिवाणात गेलं. तुम्ही सांगितलेलं लक्षात होतं, म्हणून ते मी तळाशी ठेवलं, कुणाला दिलं जाऊ नये म्हणून. वापरायचं मात्र मनात आलं नाही. त्या वर्षी मी पडद्यांना जुळणारे अभ्रे शोधत होते.

त्याच दिवशीची आणखी एक गोष्ट सांगायची आहे. माझी आई मंद्रूपहून आली होती, डोक्याला चपचपीत तेल लावून, लेकीच्या नव्या घरी जायचं म्हणून. ती सोफ्याकडं निघाली आणि मी धावत जाऊन पाठीच्या बाजूला एक जुनी चादर टाकली, तेल लागू नये म्हणून. आई ते बघत उभी राहिली. मग खाली फरशीवर बसली. "मला हितंच बरं वाटतंय की. गार हाय," म्हणाली. तुम्ही समोरच्या खुर्चीत होता. तुम्ही खुर्चीवरून उठलात आणि गुडघ्यावर हात ठेवत ठेवत, सावकाश आईच्या शेजारी खाली बसलात. दोघी बाजारभावाबद्दल बोलत राहिलात. मी सरबत घेऊन वाकले तेव्हा मला तुमच्या गुडघ्यांची काळजी वाटली होती, एवढंच. आई त्यानंतर किती वेळा आली असेल. प्रत्येक वेळी खालीच बसते. मुलगी लहानपणी विचारायची, आजी खाली का बसते. मी सांगायचे, आजीला सवय आहे.

पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. मला लॅबमध्ये फोन आला तेव्हा हातात सुई होती, समोरच्या माणसाचं रक्त घेऊन झाल्यावरच मी मागे जाऊन भिंतीला टेकले. तिसऱ्या दिवशी तुमच्या घरी आले. बहिणीनं चहा दिला. म्हणाली, अक्का तुझी आठवण काढायची, म्हणायची तिचं एक उत्तर यायचं राहिलंय. मला वाटलं, म्हातारपणी माणसं शाळेतल्या गोष्टी बोलत राहतात तसंच असेल. मी मान हलवली. तुमच्या फळीवरचे डबे तेव्हा निम्मे झाले होते.

आता आजचं. खालच्या मजल्यावर नवीन कुटुंब आलंय, त्यांची उद्या वास्तुशांत. सकाळी मी मुलीला म्हटलं, दिवाणातून एक चादर काढ. तिनं वरच्या बाजूचं सोडून तळातलंच ओढलं, मुलं करतात तसं, आणि नाक मुरडून म्हणाली, मम्मी, याला वास येतोय, हे काय देतेस, उघडून ऊन तरी दे. मी नको नको म्हणेपर्यंत तिनं पिशवी फाडली आणि चादर झटकली. मोरपंखी रंगाची, काठाला पांढऱ्या कोयऱ्या. खूप सुंदर चादर आहे, बाई. मी ती आज पहिल्यांदा बघितली. तुम्ही ती निवडायला किती वेळ दुकानात उभ्या राहिला असाल, उन्हात नेऊन उलटसुलट करून बघितली असेल, कानडीत भांडला असाल, ते सगळं मला दिसलं.

घडीतून एक कागद फरशीवर पडला. शाळेच्या पेपरची आखीव पानं, पिवळी पडलेली. माझं दहावीचं अक्षर, गोल गोल, प्रत्येक शब्दावर रेघ ताणलेली. तिला नात्यांचे महत्त्व कळते व ती बदलते. कोपऱ्यात लाल प. मार्कांची जागा कोरी. आणि खाली तुमच्या हातचं, काळ्या शाईत: "हे उत्तर तू परत लिहिणार होतीस. घाई नाही." त्याच्याही खाली, निळ्या बॉलपेननं, जरा थरथरत्या अक्षरात, एवढंच: "अजूनही घाई नाही."

मुलीला काही कळलं नाही. ही दोन पेनं वेगळी का आहेत, असं तिनं विचारलं. मी दारापर्यंत गेले, परत आले. मला ते सगळं एकदम कळलं आणि बसवेना. पहिली ओळ माझ्या लग्नातली. दुसरी, मी तुमचीच चादर तुमच्याच हातात देऊन पांघरा म्हणाले, त्यानंतरची. तुम्ही पंगत उठल्यावर, पाहुणे गेल्यावर त्या नव्या घरात ते पाकीट उघडलं असेल. तुमचाच कागद, न हललेला. तुम्हाला काय वाटलं असेल हे मी सकाळपासून मनात लिहून बघतेय आणि प्रत्येक वेळी खोडतेय. चिडला असाल. हसला असाल. बहिणीला दाखवलं असेल, की लपवलं असेल. मला काहीच माहीत नाही. वर्गात सगळ्यांदेखत पान सांग म्हणणाऱ्या तुम्ही, इथं मात्र मला एका शब्दानं उभं केलं नाहीत. कागद पुन्हा घडीत घातलात, चादर नव्या पिशवीत घातलीत आणि तीन जिने चढून घेऊन आलात.

दुपारी मुलीनं विचारलं, मग मी उत्तरात काय लिहू. मी म्हटलं, जेवढं दिसतंय तेवढं लिही. ती म्हणाली, तेवढ्याला मार्क कोण देणार. तुम्ही असता तर काय सांगितलं असतं ते मला ठाऊक नाही. मी तिला सांगितलं, ती चादर काढते, हे आधी एकदाही केलेलं नसतं, एवढं नक्की लिही. घडी घालते, हेही लिही. पुढचं आपल्याला माहीत नाही, असं लिही. तिनं शेवटचं पान पुन्हा वाचलं आणि मग म्हणाली, "पण मम्मी, चादर काढायची तिला सवयच नसेल ना. काढल्यावर काय करायचं हेच कळलं नसेल तिला, म्हणून घडी घातली असेल." बाई, मी एवढी वर्षं ती गोष्ट डोक्यात घेऊन फिरले, मला हे सुचलं नव्हतं. तिच्या पेपरवर तुम्ही प काढला नसता.

माझं उत्तर मात्र मला येत नाही. मी बदलले असं लिहायला मला आज फार सोपं आहे, कागद सापडला, डोळे भरून आले, झालं. गाईडमध्ये शोभेल. पण आज काय घडलं तेवढंच लिहायचं तर ते असं आहे. खालच्या लोकांसाठी मी दिवाणातून दुसरी चादर काढली. ती आधी उघडून, आत काही नाही ना ते बघून, पुन्हा पिशवीत घातली. तुमची चादर उन्हात टाकली, संध्याकाळी घडी घालून आत आणली. अंगावर अजून घेतलेली नाही. गुरुवारी आई डोळे दाखवायला येणार आहे. तिच्यासाठी सोफ्याची कव्हरं काढायची असं ठरवून मी आता लिहिता लिहिता तीनदा बाहेर जाऊन आले. पहिल्यांदा नुसती उभी राहिले. दुसऱ्यांदा धुळीचा विचार आला. तिसऱ्यांदा एका खुर्चीचं काढलं, खिडकीजवळच्या. मोठ्या सोफ्याचं तसंच आहे. मी स्वतःला सांगितलं, आई एकटीच तर येणार आहे. ती त्या खुर्चीत बसेल की नाही, ते मला माहीत नाही. तिला आता खाली बसायची खरंच सवय झालीय.

कुकर केव्हाच बंद झाला. हे पान कुठं पाठवायचं नाही, त्या पिवळ्या कागदाबरोबर चादरीच्या घडीत जाईल. पण एक गोष्ट राहिली आणि ती लिहिल्याशिवाय हे उत्तर तुम्हाला दाखवायच्या लायकीचं होणार नाही. सकाळी चादर झटकल्यावर तो कागद पडलेला मी पाहिला होता, आणि त्यावरचं तुमचं अक्षर मी उभ्या उभ्याच ओळखलं होतं. तरी मी आधी चादरीची चारही टोकं उजेडात धरून कुठं कसर लागलीय का ते बघितलं, आणि मग कागद उचलला.